चौथ्या दिवसाचे पारायण

करोल बागेत पहाट ही एकच वेळ शांततेची असते. अजमल खान रोडवरची गिऱ्हाइकांची वर्दळ रात्री फार उशिरा ओसरते. बीडनपुरा आणि रैगरपुरा या वस्त्यांतील सोनारांच्या हातोड्या त्याहूनही उशिरा थांबतात. आणि फटफटताच दुधाच्या गाड्या, शाळेच्या बसगाड्या आणि मेट्रोकडे धावणारी माणसे रस्त्याचा ताबा घेतात. मधल्या दोन-तीन घटका तेवढ्या देवाच्या. अशा वेळी आर्य समाज रोडच्या आतल्या बाजूच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या घरात, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीपासून ‘श्रीगुरुचरित्रा’चे पारायण चालू होते.

वाचणारा साठी ओलांडलेला होता. चाळीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी तो दिल्लीस आला आणि एका सरकारी कार्यालयातून निवृत्त होऊन येथेच राहिला. पोथी वडिलांची होती. नृसिंहवाडीच्या शेजारी कुरुंदवाडला वडिलांनी दत्तजयंतीचा सप्ताह आयुष्यात कधी चुकविला नव्हता. ते गेले, दीड वर्षापूर्वी आई दिल्लीला आली, ती एक ट्रंक आणि लाल कापडात बांधलेली ही पोथी घेऊन. सप्ताह खंडू नये एवढीच तिची इच्छा होती. त्यानेही ती आनंदाने मान्य केली. देव आहे याविषयी त्याच्या मनात कधीच किंतु नव्हता. संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की दिवसभराचा शीण कोणीतरी काढून घेते, हा त्याचा अनुभव होता, आणि अनुभवाला पुरावा मागण्याची त्याला गरज वाटत नसे.

तीन दिवस सुरळीत गेले. प्रचलित क्रमाप्रमाणे चौथ्या दिवशी तिसाव्या अध्यायापासून पस्तिसाव्यापर्यंत वाचन व्हायचे होते. माहूरची ती तरुण स्त्री आजारी नवऱ्याला घेऊन श्रीगुरूंच्या दर्शनासाठी गाणगापुरास येते. गावाच्या वेशीशी नवरा प्राण सोडतो. एक संन्यासी येऊन तिचे सांत्वन करतो आणि पतिव्रतेचा धर्म सांगू लागतो. पुढे विधवेने कसे राहावे ते येते: केस, अन्न, वस्त्र, अंथरूण, सगळ्याविषयीचे नियम. ओव्या डोळ्यांसमोर होत्या, भिंतीला टेकून पाटावर आई बसली होती, आणि त्याचा आवाज पुढे जाईना.

तो थांबला नाही. पारायणात अक्षर गाळू नये, हे त्याला ठाऊक होते. ओठ हलत राहिले. डोळे ओळीवरून ओळीवर सरकत राहिले. शब्द मात्र घशातच राहिले. श्रीगुरूंच्या कृपेने मृत नवरा उठून बसतो तेथे त्याचा आवाज पुन्हा मोकळा झाला. आईने जपमाळेचा एक मणी पुढे ओढला. ती काही बोलली नाही. आरती झाली, प्रसाद झाला, आणि त्याच्या लक्षात आले की आज पोथीशीही लबाडी झाली आणि आईशीही.

हा संशय त्याच्या मनात त्या पहाटे उपजलेला नव्हता. पुण्यास संस्कृत घेऊन शिकत असताना त्याने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची संशोधित आवृत्ती प्रथम हाताळली. १९१९ साली हाती घेतलेले आणि १९६६ साली पूर्णत्वास गेलेले ते काम. साडेबाराशेहून अधिक हस्तलिखिते समोर ठेवून पंडितांनी एकेक श्लोक पारखला, आणि जे नंतरचे ठरले ते तळटीपांत व परिशिष्टांत घातले. सभापर्व उघडल्यावर त्याला दिसले की द्रौपदीने कृष्णाचा केलेला धावा मुख्य संहितेत नाही. वस्त्रे येतात, एकामागून एक येतात; ती कोण पुरवितो हे संहिता सांगत नाही. लहानपणी आईच्या मांडीवर ऐकलेली, ऐकताना प्रत्येक वेळी डोळे भरून आणणारी ती हाक रेघेखाली गेली होती.

त्या दिवशी त्याला आपले काही चोरीला गेल्यासारखे वाटले. पुढे वय वाढले तशी त्या प्रक्षेपाविषयी त्याच्या मनात माया उत्पन्न झाली. त्या सभेत त्या बाईला एकटी सोडवेना म्हणून कोणा अनामिक लेखनिकाने तेथे देवाचे नाव घातले असेल. त्यात कपट नव्हते, कळवळा होता. परंतु हा विचार जितका गोड तितकाच अवघडही होता. माणसाचा हात ग्रंथात करुणा घालू शकतो, तर काठिण्यही घालू शकतो. ‘गुरुचरित्रा’तील विधवाधर्म हा स्कंदपुराणातील काशीखंडावरून उतरलेला आहे, हे त्याने वाचले होते, आणि ‘गुरुचरित्र’कार सरस्वती गंगाधर तर मराठी आपल्याला नीट येत नाही असे आरंभीच नम्रपणे सांगून मोकळे होतात. मग आवडले ते देवाचे आणि नावडले ते माणसाचे, अशी वाटणी कोणत्या अधिकाराने करायची? सगळेच देवाचे म्हटले तर देव आईच्या जेवणाखाण्याचे आणि अंथरुणाचे नियम सांगत बसलेला दिसतो. सगळेच माणसाचे म्हटले तर जिच्या आधाराने वडील शांतपणे गेले ती पोथी नुसता कागद होते. यांतले त्याला काहीच पटत नव्हते.

त्या संध्याकाळी तो आर्य समाज रोडवरून चालत गेला. रोज ज्या नावाच्या पाटीखालून जायचे, त्या नावाचा विचार त्याने त्या दिवशी प्रथमच केला. आर्य समाज मुंबईत १८७५ साली स्थापन झाला. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे प्रभृतींच्या आग्रहाने स्वामी दयानंदांची पुण्यात व्याख्याने झाली. मुंबईत त्याआधीच, १८६७ साली, प्रार्थना समाज निघाला होता. दोघांनाही एकच ईश्वर हवा होता, मूर्ती नको होती, पुराणांतील भाकडकथा नको होत्या. परंतु दयानंदांनी वेद अपौरुषेय आणि निर्दोष मानले. प्रार्थना समाजाने कोणताही ग्रंथ निर्दोष मानला नाही, आणि उपासनेला मात्र तुकोबांचे अभंग घेतले. बंगालमध्ये देवेंद्रनाथ ठाकूरांनी हीच परीक्षा आधी दिली होती. चार तरुणांना वेद शिकण्यासाठी त्यांनी काशीस पाठविले आणि अखेर १८५० च्या सुमारास ब्राह्म समाजाने वेदांच्या निर्दोषत्वाचा आग्रह सोडला. एका पंथाला पायाखाली खडक हवा होता. दुसऱ्याने पोहायचे ठरविले. आर्य समाजाचा खडक पंजाबात हजारोंना आधार झाला. प्रार्थना समाज मूठभर सुशिक्षितांचा राहिला. हा इतिहास संशयी माणसाला धीर देणारा नाही.

खडकाचीही एक किंमत होती. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांना आपल्या परिषदेचे अध्यक्षपद दिले. मंडळातील बहुतेक मंडळी आर्य समाजाच्या विचारांची, जाती मोडाव्यात अशी मनापासून इच्छा असणारी होती. छापलेल्या भाषणात शास्त्रांचे प्रामाण्यच मोडले पाहिजे असे त्यांनी वाचले आणि वेदांसंबंधीचा भाग वगळण्याची विनंती केली. आंबेडकरांनी शब्दही बदलण्याचे नाकारले, परिषद बारगळली, भाषण त्यांनी स्वखर्चाने प्रसिद्ध केले. अकरा वर्षांनी लाहोरच उरले नाही, आणि तेथून निघालेल्या असंख्य कुटुंबांपैकी कितीतरी करोल बागेत येऊन वसली. न झालेले ते भाषण जणू त्यांच्या सामानाबरोबर याच रस्त्यावर येऊन थांबले आहे, असे त्याला वाटले. नियम ज्याच्या अंगावर पडतो त्याला पाठभेदाची चर्चा परवडत नाही, असाच त्या भाषणाचा मथितार्थ त्याने लावला.

त्याला रामकृष्ण भांडारकरांची आठवण झाली. ग्रंथ कसा घडतो, कोठे जोडला जातो, कोठे बिघडतो, हे त्यांच्याइतके जाणणारा त्या काळी विरळा. आणि हाच मनुष्य प्रार्थना समाजाच्या व्यासपीठावरून ईश्वराविषयी निःशंकपणे बोलत असे. १८९१ साली त्यांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह करून दिला. रानड्यांचे नाव तितक्या सहजपणे घेता येईना. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी, प्रथम पत्नी वारल्यावर १८७३ साली, वडिलांच्या इच्छेखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्यांची सदसद्विवेकबुद्धी कमी प्रतीची होती असे कोण म्हणेल? तरीही वडिलांसमोर ती बोलली नाही. ग्रंथाऐवजी अंतःकरण प्रमाण मानावे म्हटले, तर अंतःकरणही पहाटे घशात अडकते, हे त्याला त्या दिवशी स्वतःवरूनच कळले होते.

परतताना तो बीडनपुऱ्यातील एका गलाईवाल्याकडे क्षणभर टेकला. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातले हे लोक देशभर सोन्याचांदीची गलाई करतात. करोल बागेतही त्यांची दुकाने आहेत, आणि परक्या मुलखात मराठी ऐकण्यासाठी तो अधूनमधून तेथे जाई. जुने दागिने मुशीत वितळवून, चांदी मिसळून, आम्लात टाकले म्हणजे तांबे आणि चांदी विरघळते आणि सोने तळाशी राहते. दुकानातली झाडलोटही फेकली जात नाही. झारेकरी ती विकत घेतो, जाळतो, धुतो आणि कण वेचतो. गलाईवाला हसून म्हणाला, “काका, आमच्यात कचरा कुणी फेकत नाही, आणि कचऱ्याला कुणी सोनंही म्हणत नाही.”

वाक्य चांगले होते, पण त्याचे समाधान झाले नाही. सोन्याला आम्ल असते. पोथीतल्या ओवीला आम्ल कोणते? विद्वत्ता म्हणावी, तर ती ओवी जुनी की नवी एवढेच सांगते, खरी की खोटी ते सांगत नाही. अंतःकरण म्हणावे, तर त्याची फजिती सकाळीच झाली होती. जिना चढताना एक गोष्ट त्याला टोचली. परंपरेने ही पोथी स्त्रियांनी वाचू नये, ऐकावी, असे ठरविले. आणि आज त्याने त्याहीपुढे जाऊन आईने काय ऐकावे तेही ठरविले. त्याचा हेतू दयेचा होता. नियम करणाऱ्यांनीही आपला हेतू हिताचाच असल्याचे सांगितले असेल. ज्या एका व्यक्तीला त्या ओव्यांविषयी विचारायला हवे होते, तिला कोणीच विचारले नव्हते.

पाचव्या दिवशी पहाटे पोथी सोडताना तो म्हणाला, “आई, काल काही ओव्या मी मनातल्या मनात वाचल्या.”

“ठाऊक आहे मला,” आई म्हणाली. “तुझे वडीलही तिथं आवाज उतरवायचे. आत्याबाई मागच्या दाराशी बसायच्या ना.”

वडिलांच्या त्या आत्याबाई त्याला अंधूक आठवत होत्या: केशवपन केलेल्या, लाल आलवणातल्या, पंगतीला कधीच न दिसणाऱ्या. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “माहूरच्या त्या मुलीचा नवरा उठला. आत्याबाईंचा नाही उठला. नियम तेवढे त्यांच्या वाट्याला आले. वाच ते. मोठ्यानं वाच. आवाज उतरवून आजवर कुणाचं भलं झालं नाही.”

त्याने मागची पाने उलटली आणि राहिलेल्या ओव्या वाचल्या. आवाज कापत होता, पण थांबला नाही. आई डोळे मिटून ऐकत होती. कुरुंदवाडच्या त्या मागच्या दाराशी आत्याबाईही अशाच ऐकत असतील, असे त्याच्या मनात आले. वाचून झाल्यावर ती एवढेच म्हणाली, “हे महाराजांचं बोलणं नव्हे. जो मेलेल्याला उठवतो तो असं कशाला बोलेल? चल, आजचे अध्याय घे.” आणि तिने पोथीला नेहमीसारखाच हात लावून नमस्कार केला.

त्याच्यातला संस्कृतचा विद्यार्थी आतल्या आत चुळबुळला. पोथीत ते बोलणे संन्याशाच्याच मुखी आहे. आईच्या म्हणण्याला हस्तलिखिताचा आधार कोठून मिळणार? पण महाभारताच्या त्या अनामिक लेखनिकाकडे तरी कोणता आधार होता? देवाची आणि आईची ओळख पोथीहून जुनी होती, आणि त्या ओळखीच्या बळावर ती पोथीला नमस्कारही करू शकत होती आणि नाहीही म्हणू शकत होती. तेवढी ओळख आपली आहे का, हा प्रश्न त्याच्यापाशी उरला. ग्रंथावरचा संशय आता त्याला पूर्वीइतका भयंकर वाटत नव्हता. भय वाटत होते ते या प्रश्नाचे.

खाली दुधाची गाडी येऊन थांबली. त्याने छत्तिसावा अध्याय उघडला आणि पहिली ओवी मोठ्याने म्हटली.