वैमानिकाचा परवाना आणि घरची जमीन

एके काळीं आपल्या समाजांत मुलगा मॅट्रिक झाला कीं त्याच्यापुढें ठराविक वाटा असत: कचेरी, शाळा, वकिली आणि घरीं द्रव्यबळ असल्यास वैद्यकी. मागाहून यंत्रशास्त्र व संगणक यांची भर पडली. आतां जव्हारसारख्या डोंगरमाथ्यावरील गांवींही बारावीचा निकाल लागतांच वैमानिक होण्याची भाषा माजघरांत ऐकूं येते. आमच्या घरीं यंदा तेंच झालें. पुतण्यानें इच्छा बोलून दाखविली, थोरल्या बंधूंनीं वडिलोपार्जित जमीन गहाण टाकण्याचा विषय काढला, आणि या व्यवसायाची खरी स्थिति काय याचा शोध घेण्याचें काम आम्हांवर आलें. अनेक घरांस हा प्रश्न आज ना उद्यां पडणार असल्यामुळें, जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

जव्हारास विमानविद्येचें अगदींच नवल नाहीं. येथील अखेरचे राजे यशवंतराव मुकणे यांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हवाई दलांत सेवा केली होती. परंतु राजाला नोकरीची विवंचना नव्हती. आपली गोष्ट निराळी. शेजारच्या मोखाडा तालुक्यांत भातनागलीची कापणी संपली कीं आदिवासी कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्ट्यांवर मजुरीस उतरतात. ज्या मुलखांत पोटासाठीं गांव सोडावें लागतें, तेथें जमिनीच्या तुकड्याचें मोल कोणीं कोणास सांगावयास नको.

आतां शिक्षणाची वाट पाहूं. बारावीस पदार्थविज्ञान व गणित हे विषय असावे लागतात. वयाचीं १८ वर्षें पुरीं झाल्याखेरीज व्यापारी परवाना मिळत नाहीं. त्यासाठीं २०० तासांचें उड्डाण, मार्गनिर्धारण, हवामान, हवाई नियम इत्यादि विषयांच्या परीक्षा, बिनतारी संदेशाचें प्रमाणपत्र आणि पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी, इतक्या पायऱ्या चढाव्या लागतात. शिक्षणाची सोय आपल्याच प्रांतांत बारामती, गोंदिया, धुळे येथें आहे. उत्तरेस रायबरेलीजवळ फुरसतगंज येथें सरकारी अकादमी आहे. खर्च सामान्यतः ५० लाखांच्या आसपास किंवा त्याच्याही पुढें जातो. शिवाय ज्या जातीचें विमान चालवावयाचें, त्याचें स्वतंत्र शिक्षण घ्यावें लागतें, आणि त्याचे लाखो रुपये पुष्कळदां उमेदवारासच भरावे लागतात.

इतकें करून हातीं येतो तो परवाना, नोकरी नव्हे. येथेंच पुष्कळांची समजूत चुकते. वृत्तपत्र उघडावें तर वैमानिकांच्या तुटवड्याची वार्ता! २०२३ सालीं इंडिगोनें ५०० व एअर इंडियानें ४७० विमानांची मागणी नोंदविली, तेव्हां माणसें लागणार हें खरेंच. पण तुटवडा मुख्यतः अनुभवी कॅप्टनांचा असतो. कॅप्टनास जो वरिष्ठ परवाना लागतो त्यासाठीं १५०० तासांचें उड्डाण हवें. नवशिक्याजवळ शिदोरी २०० तासांची. त्यास सहवैमानिकाच्या खुर्चीवर बसवून तयार करावयाचें तर शिकविणारे कॅप्टन व प्रतिकृतियंत्रावरील वेळ हीं दोन्ही हवींत, आणि दोन्ही मोजकींच. म्हणून एकाच वेळीं कंपन्यांस कॅप्टन मिळत नाहींत व परवानाधारक तरुण घरीं बसतात. हें बसणेंही फुकट नसतें. परवाना व त्यावरील अधिकार चालू राखण्यास उड्डाणें आणि तपासण्या कराव्या लागतात, आणि कर्जाचें व्याज तर रविवारींही थांबत नाहीं.

शिवाय हा धंदा भरतीओहोटीचा. किंगफिशर २०१२ सालीं, जेट एअरवेज २०१९ च्या एप्रिलांत, गो फर्स्ट २०२३ च्या मे महिन्यांत बंद पडली. २०२० च्या साथींत तर विमानेंच जमिनीस खिळलीं. जो त्या वर्षीं शिकून बाहेर पडला त्याचा दोष कोणता? उलट नोकरी लागली तर वेतन भरघोस, आणि प्रकृति साथ देईल तर ६५ व्या वर्षापर्यंत सेवा करतां येते. प्रवासी विमानांत जागा न मिळाल्यास मालवाहू वा भाड्याचीं खासगी विमानें, अथवा उड्डाणशिक्षकाचें काम, याही वाटा आहेत. शिक्षकास निदान उड्डाणाचे तास तरी साठवितां येतात.

हा सर्व हिशेब आम्हीं घरांत मांडला, तेव्हां मुलाच्या आईनेंच, म्हणजे आमच्या वहिनींनीं, विचारलें, "धाकटीनें उद्यां असेंच कांहीं मागितलें, तर गहाण टाकावयास काय उरेल?" प्रश्न मार्मिक होता. १९९४ च्या महाराष्ट्राच्या व २००५ च्या केंद्रीय कायद्यानें वडिलोपार्जित मिळकतींत मुलीचा हक्क मुलाइतकाच ठरला आहे. आणि वैमानिकच म्हणाल, तर या व्यवसायांत भारतीय स्त्रियांचें प्रमाण जगाच्या सरासरीहून पुष्कळ अधिक आहे. एकाच्या पंखांसाठीं सर्वांच्या पायांखालची भूमि द्यावयाची, तर त्या सर्वांस विचारलें पाहिजे.

अखेर असें ठरलें: प्रथम पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी, कारण तींत न उतरल्यास पुढील सर्व व्यर्थ, मग घरीं अभ्यास करून लेखी परीक्षा, सोबत एखादी पदवी. तोंवर जमिनीस हात लावावयाचा नाहीं. पुढें कर्ज काढलेंच, तर नोकरीवांचून दोन वर्षें हप्ते भरण्याची तजवीज आधीं करावयाची, आणि धाकटीचा वाटा वेगळा राखावयाचा. पुतण्या थोडा हिरमुसला खरा, पण दुसऱ्याच दिवशीं त्यानें हवामानशास्त्राचें पुस्तक मागविलें. धाडसास आमचा विरोध नाहीं. तें करणाऱ्यानें आपल्या बळावर जितकें अंतर चालतां येईल तितकें आधीं चालावें, इतकेंच आमचें मागणें आहे.