खिसा, पिशवी आणि ‘ड’

खिशात रोज काय बाळगायचे, हे माणूस खिसा शिवून घेताना ठरवत नाही. वस्तू आधी येते आणि मग खिसा तिच्यामागून ताणला जातो. पेन, रुमाल, चावी, तसबीह आणि मोबाइल एवढ्या संसारावर आमचे भागत होते. त्यात पाव किलोहून जड असा हातसंगणक बसवायचा का, हा प्रश्न मागच्या हिवाळ्यात घरात उभा राहिला. आम्ही म्हणजे नवरा-बायको, दोघेही सेवानिवृत्त शिक्षक.

हा हौसेचा प्रश्न नव्हता. काही वर्षांपासून आम्ही दाभोळच्या खाडीकाठच्या गावांत जाऊन वयस्क बायकांकडून कोकणी मुसलमानांच्या बोलीतले शब्द आणि लग्नातली गाणी उतरवून घेतो. शाळेत मराठी, मदरशात उर्दू आणि चुलीपाशी ही तिसरीच बोली, असे आमचे सर्वांचे बालपण. चुलीपाशची बोली कुणी लिहिली नाही. पंच्याऐंशी वर्षांची एक बाई गेली की तिच्याबरोबर जे जाते, ते कुठल्याच कोशात सापडत नाही.

आजवर वही होती. पण लिहायला मान खाली घातली की बोलणारी थबकते; तिला वाटते, आपले ऐकणे संपले. मोबाइल समोर धरला, तर ती ओढणी सावरते आणि एकदम पुस्तकी बोलू लागते. आम्हाला असे साधन हवे होते की बोटे लिहीत राहतील आणि डोळे तिच्या चेहऱ्यावर राहतील.

लंडनला असलेला भाचा म्हणाला, “मामू, माझ्याकडे जेमिनी पडून आहे, सुटीत घेऊन येतो.” ही जेमिनी लंडनच्या प्लॅनेट कॉम्प्युटर्स या कंपनीने २०१८ साली बाजारात आणली. मिटली तर मोठ्या चष्म्याचे घर; उघडली तर सहा इंची पडदा आणि खाली दहा बोटांनी लिहिता येईल असा कळफलक. तिचा खानदानी वारसाही आहे. लंडनच्याच सायन या कंपनीने १९९७ मध्ये ‘सिरीज ५’ नावाचा हातसंगणक काढला होता, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. त्याच्या कळफलकाचे रचनाकार मार्टिन रिडिफर्ड. सायनने २००१ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी असे संगणक काढणे सोडले. पुढे त्याच रिडिफर्ड यांनी जेमिनीची घडण केली.

भाचा येण्याआधी आम्ही एक सोपा प्रयोग केला. यंत्राचे वजन ३०८ ग्रॅम. वाण्याकडून तेवढे तांदूळ तोलून घेतले, ते चष्म्याच्या दोन घरांत भरून ती दोरीने बांधली आणि हे ओझे आठवडाभर जवळ बाळगले. कुर्त्याचा बाजूचा खिसा गुडघ्याकडे लोंबू लागला. सजद्यात जाताना ते जमिनीवर आपटे आणि शेजारचा नमाजी चमके. पर्समध्ये ठेवले, तर औषधाची डबी शोधताना आधी तेच हाती येई. एसटीत मात्र मांडीवरच्या कापडी पिशवीत त्याचा काही त्रास झाला नाही. खिशाचा निकाल असा यंत्र येण्याआधीच लागला.

मग दुसरा विचार, मोबाइलऐवजी हेच चालेल का? यात सिमकार्ड बसते, फोनही होतो. पण पाठीमागचा कॅमेरा मुळात नाही. तो वेगळा घेऊन जोडायचा असतो. आज भाजीवाल्याचे वीस रुपयेसुद्धा चौकट स्कॅन करून द्यायचे असतात, तिथे हे घेऊन काय करणार? शिवाय यातले अँड्रॉइड सात-आठ या आवृत्त्यांच्या काळातले. बँकेचा व्यवहार इतक्या जुन्या प्रणालीवर करू नये, हे शहाणपणाचे. म्हणजे मोबाइल सुटत नाही. हे घेतले तर ते जास्तीचे ओझे म्हणूनच.

उरला खरा प्रश्न, मराठीचा. शाळेच्या कार्यालयात आम्ही इन्स्क्रिप्ट शिकलो. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. न बघता लिहिता येते. इन्स्क्रिप्टमध्ये वरच्या ओळीत ‘ज’च्या शेजारी ‘ड’ आणि त्याच्या पलीकडे नुक्ता. इंग्रजी कळफलकावर तिथे चौकटी कंस असतात. जेमिनीसारख्या छोट्या कळफलकात जागा वाचवायला नेमक्या याच कळांना स्वतंत्र स्थान उरलेले नाही. दोष कुणाचा नाही. इंग्रजी लिहिणाऱ्याला कंस क्वचित लागतो. आमचे मात्र ‘ड’वाचून अडते. लग्नाच्या गाण्यात मांडव येणार, हंडा येणार. आणि बोली उतरवताना नुक्ता हवाच: जलील म्हणजे थोर आणि ज़लील म्हणजे हीन, दोन्हींमध्ये फरक त्या एका टिंबाचा.

भाच्याने त्यात डेबियन लिनक्स घालून दिले. तिथे इन्स्क्रिप्ट मिळते आणि अक्षरांच्या जागाही बदलता येतात. ‘ड’ आणि नुक्ता आम्ही दुसऱ्या कळांवर नेऊन बसवले. पण यंत्राला एका संध्याकाळी कळलेले बोटांना कळायला दीड महिना लागला. रोज तासभर किराण्याच्या याद्या, पत्रे, जुन्या वह्यांतली पाने, जे हाताला येईल ते लिहीत बसलो.

त्यानंतरच्या बैठकीत बायकांना आधी सांगितले की हे लिहायचे यंत्र आहे आणि तुम्ही बोलाल ते यात उतरेल. आमच्यापैकी एक माजघरात त्यांच्यात बसून लिहीत होती, दुसरा ओटीवर. दोन कडवी झाली, ती तिथल्या तिथे मोठ्याने वाचून दाखवली. गाणाऱ्या आजींनी दोन ठिकाणी अडवले, एक ओळ बदलायला लावली आणि मग आठवलेले आणखी एक कडवे आपणहून सांगितले. वहीत हे कधी झाले नव्हते. आमचे घाईतले अक्षर आम्हालाच घरी जाऊन लावावे लागे.

म्हणून ठरले ते असे: रोजच्या खिशात मोबाइलच राहील. जेमिनी बैठकीच्या दिवशी पिशवीतून जाईल, एरवी कपाटात. ती घ्यावी की नाही असे कुणी विचारले, तर आम्ही दोनच गोष्टी सांगतो. आधी तेवढ्या वजनाचे तांदूळ बांधून आठवडाभर फिरा. मग आपल्या भाषेतले कुठले अक्षर तिथे अडते ते शोधा आणि त्यासाठी दीड महिना द्यायची तयारी आहे का, ते स्वतःला विचारा.

आमच्या यादीत अजून सात जणी आहेत. दोघींना आता ऐकू कमी येते. ईदनंतर पहिल्यांदा त्यांच्याकडेच जायचे आहे.