हातात काय आहे

नियमपुस्तिका हा वाङ्मयप्रकार मानावा काय, असा प्रश्न प्रश्नपत्रिकेत घातला तर विद्यार्थी तो ऐच्छिक समजून सोडून देतील. परंतु गेल्या काही महिन्यांत आम्ही दोघांनी सर्वांत बारकाईने जर काही वाचले असेल, तर ते एका नियमपुस्तिकेचे 'डी' हे परिशिष्ट होय. पुस्तिका 'इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन' म्हणजे आयपीएससी या संस्थेची, आणि विषय पिस्तुलाच्या स्पर्धेत कोणती साधने चालतील हा. निमित्त घडले ते आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. मराठी घेऊन पदवीधर झालेला हा मुलगा नोकरीनिमित्त युरोपात स्थायिक झाला आणि तिथल्या क्लबात या खेळात रमला. तिकडच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी त्याला या खेळावर लिहायचे होते. डिव्हिजन, कॅटेगरी आणि क्लास या तीन शब्दांना मराठीत काय म्हणावे, एवढेच त्याने विचारले होते. उत्तर शोधताना आम्ही पुस्तिकेत शिरलो आणि बराच काळ बाहेर आलो नाही.

नेमबाजी म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसळे ही नावे येतात; आणि त्यांच्यासोबत एक स्तब्ध आकृती, रोखलेला श्वास, दूरवरचे वर्तुळ. प्रॅक्टिकल शूटिंगचे चित्र याच्या अगदी उलट आहे. इथे घड्याळ चालू असते. स्पर्धक पळतो, भिंतीआडून डोकावतो, चालता चालता मॅगझिन बदलतो. पुठ्ठ्याची आणि पोलादाची लक्ष्ये कोणत्या क्रमाने घ्यायची हे बहुतांशी त्याचे त्यानेच ठरवायचे असते. पुठ्ठ्यावर जिथे गोळी लागेल त्याप्रमाणे गुण मिळतात आणि एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले जाते. ६० गुण १२ सेकंदांत मिळवले तर भागाकार ५, तेच १० सेकंदांत मिळवले तर ६. घाई केली तर नेम सुटतो, नेम धरत बसले तर वेळ जातो. आपल्याकडे या खेळाचा फारसा प्रसार नाही, आणि त्याचे एक कारण कायद्यात आहे. आयपीएससीच्या पिस्तूल स्पर्धेत किमान ९ मिलिमीटर व्यासाची गोळी लागते, आणि ९ मिमीचे पिस्तूल आपल्या सर्वसाधारण परवानाधारकाला मिळत नाही.

या खेळाच्या नावातला 'प्रॅक्टिकल' हा शब्दच सगळ्या वादाचे मूळ आहे. त्याला व्यावहारिक म्हणावे, उपयोजित म्हणावे की शाळेतल्यासारखे प्रात्यक्षिक म्हणावे? जेफ कूपर या अमेरिकी मरीन कोअरच्या माजी अधिकाऱ्याने १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात स्पर्धा भरवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचा प्रश्न सरळ होता : प्रत्यक्ष झटापटीत पिस्तूल वापरण्याची कोणती पद्धत खरोखर उपयोगी पडते? त्याचे उत्तर मतांनी न ठरवता स्पर्धेने ठरवावे, असा त्यांचा आग्रह होता. १९५९ मध्ये जॅक वीव्हर या शेरीफच्या सहायकाने पिस्तूल डोळ्यांसमोर आणून, दोन्ही हातांनी धरून इतरांना हरवले आणि कमरेपासून एकहाती झटपट गोळीबार करण्याचा दिमाख हळूहळू मागे पडला. स्पर्धा ही जणू प्रयोगशाळा होती. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातील कोलंबिया येथे आयपीएससीची स्थापना झाली, कूपर पहिले अध्यक्ष झाले आणि अचूकता, शक्ती व वेग या तीन गुणांची लॅटिन नावे संस्थेचे ब्रीद ठरली.

परंतु प्रयोगशाळेला एकदा मोकळीक दिली की ती आपल्याला हव्या त्या उत्तरापाशी थांबत नाही. जिंकायचेच असेल तर हत्यारात सुधारणा का करू नये? नळीच्या तोंडाशी कॉम्पेन्सेटर आला. स्फोटाचा वायू तो वरच्या दिशेने सोडतो, त्यामुळे उसळणारी नळी खाली दाबली जाते आणि पुढची गोळी लवकर झाडता येते. मग लाल ठिपक्याची दर्शिका आली. पूर्वी मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी एका रेषेत आणाव्या लागत. आता लक्ष्यावर दृष्टी ठेवून त्यावर ठिपका आला की पुरे. १९९० च्या जागतिक स्पर्धेत डग कोएनिग यांनी अशाच दर्शिकेनिशी विजेतेपद मिळवले. एवढे सगळे लादलेले पिस्तूल कमरेला लावून कोणी बाजारात जाणार नाही हे उघड होते. मोटारींच्या शर्यतीवरून लोक त्याला 'रेसगन' म्हणू लागले. व्यवहाराच्या नावाने सुरू झालेल्या खेळाने व्यवहारात निरुपयोगी असे साधन जन्माला घातले, अशी ओरड झाली.

डिव्हिजन आल्या त्या या भांडणातून. त्यामुळे 'डी' परिशिष्टातील रूक्ष कोष्टके आम्हांला वादाच्या इतिवृत्तासारखी वाटली. ओपनमध्ये कॉम्पेन्सेटर आणि ठिपका दोन्ही चालतात; तरी मॅगझिनची लांबी १७१.२५ मिमीच्या पुढे जाता कामा नये, म्हणजे मुक्तालाही एक कड आहेच. स्टँडर्डमध्ये या दोन्ही गोष्टींना मज्जाव, आणि रिकामे मॅगझिन लावलेले पिस्तूल २२५ बाय १५० बाय ४५ मिमीच्या पेटीत मावलेच पाहिजे. पंच खरोखर पेटी घेऊन बसतात. त्या पेटीत मावेल एवढ्यात काय काय बसवता येईल यावर कारागिरांनी किती बुद्धी खर्च केली असेल, हे सुनीताच्या चौदा ओळींशी झुंजलेल्या माणसाला निराळे सांगायला नको.

शक्तीचे मोजमापही असेच नेमके आहे. गोळीचे ग्रेनमधले वजन गुणिले तिचा फूट प्रति सेकंद वेग, भागिले हजार : याला पॉवर फॅक्टर म्हणतात. १८० ग्रेनची गोळी ९५० फुटांच्या वेगाने गेली तर १७१. स्टँडर्डमध्ये १७० आणि ओपनमध्ये १६० गाठले तर दारूगोळा 'मेजर', १२५ गाठले तर 'मायनर'. लक्ष्याच्या मध्यभागी दोघांनाही ५ गुण मिळतात. बाहेरच्या पट्ट्यांत मात्र मेजरला ४ आणि २, मायनरला ३ आणि १. जोरदार धक्का सोसणाऱ्याच्या किंचित चुकीला सवलत, हलके हत्यार घेणाऱ्याला अधिक नेमकेपणाची सक्ती. ब्रीदातला 'शक्ती' हा शब्द असा अंकगणितात उतरला आहे.

साधेपणाचा आग्रह धरणाऱ्यांसाठी प्रॉडक्शन हा प्रकार आला. पिस्तूल संस्थेच्या मान्य यादीतलेच हवे, फेरफार जवळजवळ निषिद्ध, नळी १२७ मिमीपेक्षा लांब नको, दारूगोळा कितीही जोरदार असला तरी गुण मायनरचेच. क्लासिकमध्ये १९११ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या पिस्तुलाचा घाट सांभाळायचा. मेजरला मॅगझिनमध्ये ८ आणि मायनरला १० काडतुसे. रिव्हॉल्व्हरवाल्यांचे घर वेगळे. मॉडिफाइड नावाचा एक प्रकार कालांतराने बंद झाला, तर कारखान्यातल्या पिस्तुलांवरही ठिपका सर्रास दिसू लागला तेव्हा प्रॉडक्शन ऑप्टिक्स निर्माण झाला. आणि एक नियम तर आम्ही पुन्हा पुन्हा वाचला : ज्याचे साधन आपल्या डिव्हिजनच्या अटींत बसत नाही असे आढळते, त्याची रवानगी ओपनमध्ये होते. वृत्त चुकले की कवितेला मुक्तछंद म्हणणारे विद्यार्थी आम्हांला दरवर्षी भेटतात.

शब्दांविषयी सांगायचे तर डिव्हिजनला 'विभाग' म्हणावेसे आम्हांला वाटेना. आम्ही स्वतः एका विभागात नोकरी करतो आणि तो शब्द फार थकलेला आहे. कॅटेगरी स्पर्धकाचे वय वा लिंग पाहते : महिला, कनिष्ठ, ज्येष्ठ. क्लास त्याचे सिद्ध झालेले कौशल्य पाहतो. डिव्हिजन मात्र माणसाकडे पाहतच नाही. तुमच्या हातात काय आहे, एवढेच विचारते. म्हणून आम्ही 'प्रकार', 'गट' आणि 'श्रेणी' असे शब्द सुचवले. सुचवताना आमच्याच शास्त्राची थोडी लाज वाटली. आपल्या समीक्षेत हे तीन प्रश्न इतके एकमेकांत मिसळलेले असतात की कवितेविषयी बोलता बोलता आपण कवीच्या गटाविषयी बोलू लागतो, आणि त्याची श्रेणी तर आधीच ठरवून ठेवलेली असते. कोणत्या मर्यादा पत्करून हे लिहिले गेले, हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो, आला तर. तो पहिला असला पाहिजे असे नाही. पण तो स्वतंत्र असला पाहिजे.

तथापि परिशिष्टाने आम्हांला खरे अडवले ते वेगळ्याच ठिकाणी. प्रॉडक्शनचा हेतू साधी, कमरेला लावता येणारी पिस्तुले जपण्याचा होता. पुढे कारखान्यांनी काय केले? शर्यतीसाठीच घडवलेली पिस्तुले थेट कारखान्यातून बाहेर काढली. चेक कंपनीचे २०१६ साली आलेले 'शॅडो २' रिकामेच सव्वा किलोहून जड आहे. धक्का शोषला जावा म्हणून. यादीत ते आहे, अटींत ते बसते, आणि रोज कमरेला बाळगावे असे त्यात काही नाही. १९९६ मध्ये काही जुन्या जाणत्यांनी आयपीएससीचा मार्ग सोडून, स्वसंरक्षणाच्या वास्तवाशी इमान राखण्यासाठी अमेरिकेत आयडीपीए ही निराळी संघटना काढली. तिलाही साधनांचे प्रकार आणि पेटी यांपासून सुटका झाली नाही. आपण सुरू केलेला खेळ व्यवहारापासून ढळला, ही कूपर यांची तक्रार अखेरपर्यंत राहिली. २००६ मध्ये ते निवर्तले.

आमचा वाङ्मयीन पिंड अशा तक्रारीच्या बाजूने झुकणारा आहे. अलंकारांचा सोस वाईट, कमीत कमी साधनांत केलेले काम श्रेष्ठ, मूळ प्रयोजनाशी इमान राखावे, असे आम्ही वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. त्या न्यायाने आम्ही क्लासिकच्या आणि जुन्या प्रॉडक्शनच्या बाजूने उभे राहायला हवे. पण या ठिकाणी मूळ प्रयोजन म्हणजे काय? समोरच्या माणसाला त्याने आपल्याला मारण्याआधी मारणे. शुद्धतावादी ज्या व्यवहाराकडे परत बोलावत होते, तो व्यवहार हा आहे. आणि ज्याची त्यांनी कृत्रिम, दिखाऊ, निरुपयोगी म्हणून चेष्टा केली, त्या ओपनमधल्या पिस्तुलानेच हत्याराला हिंसेपासून सर्वांत लांब नेले. कमरेला बाळगता येत नाही, लपवता येत नाही, स्पर्धेखेरीज कशालाही उपयोगी पडत नाही : साहित्यात आम्ही ज्याला दोष म्हटले असते, त्याने इथे आम्हांला हायसे वाटले.

एकदा हे ध्यानात आल्यावर पुस्तिकेतली इतर कलमेही त्याच दिशेने बोलू लागली. पुठ्ठ्याच्या लक्ष्याला आज डोके नसते. कोपरे छाटलेला तो एक ओबडधोबड अष्टकोन असतो. सैनिक वा पोलीस नसलेल्यांनी लष्करी छापाचे कपडे घालू नयेत, अशी सूचना आहे. ही कलमे लिहिणाऱ्यांना आपण कशापासून दूर जात आहोत याची जाण होती. अर्थात एवढ्याने अस्वस्थता संपत नाही. पोलादी पाटी पाडणारी गोळी आणि माणूस पाडणारी गोळी एकाच कारखान्यातून येते, आणि कोणतीही पेटी हा फरक मोजू शकत नाही. नियम साधनाला आकार देतात. हेतूला आकार देणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे प्रॉडक्शनच्या कथेने पुरेसे दाखवले आहे.

उरले ते नाव. बाणभट्टाच्या नायिकेचे नाव आपण मराठीत एका अख्ख्या वाङ्मयप्रकाराला दिले आणि आता कादंबरी म्हणताना ती कोणालाही आठवत नाही. 'प्रॅक्टिकल' या शब्दाचेही असेच व्हावे, तो नावात राहावा आणि त्याचा अर्थ कोणाला आठवू नये, अशी इच्छा शब्दार्थांवर उपजीविका करणाऱ्या आमच्यासारख्यांनी करणे थोडे विचित्रच. पण सध्या तरी आमची इच्छा तीच आहे.