परिषदेत भेटलेली गादमाशी

भंडारा जिल्ह्यातील मुलांना कीटकांची पहिली ओळख पुस्तकातून होत नाही. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर लोक कोसा देणाऱ्या अळ्या जोपासतात. पाखरांनी त्या टिपू नयेत म्हणून दिवसभर राखण करतात. पावसाळ्यात धानाची रोवणी आटोपली, की बांध्यांत डासाएवढी गादमाशी येते. एक कीटक घरात चार पैसे आणतो, तर दुसरा ताटातला भात पळवितो.

अशा घरातील एखादा विद्यार्थी शेतकीच्या महाविद्यालयात शिकू लागतो आणि एके दिवशी प्रथमच कीटकशास्त्रज्ञांच्या परिषदेस जातो. तेथे पाऊल ठेवताच त्याची छाती दडपते. दूरदूरच्या राज्यांतून आलेले विद्वान, भिंतींवरील तक्ते आणि कानांवर पडणारी लांबलचक लॅटिन नावे! आपण येथे काय सांगणार, असे वाटून तो मागच्या रांगेत अंग चोरून बसतो.

इतक्यात ‘ओर्सिओलिया ओरायझी’ हे नाव उच्चारले जाते आणि पडद्यावर एक चित्र उमटते. कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी! अळी कोंबात शिरली, की धानाच्या फुटव्याची अशी नळी होते आणि त्याला लोंबी धरत नाही. वडिलांनी चिखलात उभे राहून उपटून दाखविली होती, ती हीच. विद्यार्थी सावरून बसतो. ही तर आपल्या बांधीतली गादमाशी!

वक्ते पुढे सांगतात, की ही माशी सर्वत्र सारखी नसते. एका भागात जे वाण तिला दाद देत नाही, तेच दुसऱ्या भागात तिला बळी पडते. हे कोडे कोणा एकाच्या शेतात उलगडले नसते. छत्तीसगड, ओडिशा, आंध्र आणि विदर्भ येथील नोंदी शेजारीशेजारी मांडल्या, तेव्हाच ते ध्यानात आले. याचसाठी १९१० साली ब्रुसेल्स येथे कीटकशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १९१७ साली बिहारमधील पुसा येथेही भारतातील कीटकशास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी आपापली निरीक्षणे एकमेकांपुढे ठेवली.

व्याख्यान संपते. अध्यक्ष विचारतात, “या नळ्यांतून दुसरा एखादा कीटक निघताना कोणी पाहिला आहे काय?”

विद्यार्थ्याने तो पाहिलेला असतो! बांधीतल्या नळ्या त्याने बाटलीत ठेवल्या होत्या. काहींतून गादमाशी निघाली. काहींतून मात्र मुंगीहूनही लहान अशा काळ्या गांधीलमाश्या निघाल्या. गादमाशीच्या अळीवर जगणारा, शेतकऱ्याचा हा इवलासा मित्र. वेळी-अवेळी औषध फवारले, तर शत्रूबरोबर तोही मरतो. तो बांधीत केव्हा असतो, हे कळले तरच त्याला वाचविता येईल. आणि गप्प बसले, तर बाटलीत पाहिलेले बाटलीतच राहील.

पाय कापत असतानाही तो उभा राहतो आणि सांगतो. कोणी हसत नाही. अध्यक्ष केवळ पेन्सिल उचलतात. “कोणत्या महिन्यात? कोणत्या वाणावर? किती नळ्यांतून?” तो वही उघडून एकेक उत्तर वाचून दाखवितो. ते ऐकताना पुढच्या रांगेतील दोन-तीन माना मागे वळतात आणि परिषदेच्या कागदांवर एक नवी ओळ लिहिली जाते. तिच्या आरंभी शब्द असतात : भंडारा जिल्हा.