ओसाकाचा किल्ला : खरा कोणता ?

जुन्या वास्तूची थोरवी तिच्या वयावर ठरवावी, अशी आपल्यापैकीं बहुतेकांची समजूत असते. त्यामुळें जपानांतील ओसाका येथील सुप्रसिद्ध किल्ल्याचा मनोरा सिमेंटचा असून आंत वर जाण्यास लिफ्ट आहे, असें कळतांच पुष्कळ प्रवासी नाक मुरडतात. आम्हांस मात्र तेथें एक दिवस हिंडल्यावर वाटलें कीं, हा प्रश्न इतक्या झटपट निकालांत काढण्याजोगा नाहीं.

इ. स. १५८३ मध्यें तोयोतोमी हिदेयोशी यानें हा किल्ला बांधावयास घेतला. सामान्य कुळांत जन्मलेला हा पुरुष स्वपराक्रमानें साऱ्या जपानाचा सूत्रधार झाला होता. त्याच्या पश्चात्, १६१५ सालीं, तोकुगावांनीं वेढा घालून किल्ला जिंकला. हिदेयोशीचा पुत्र हिदेयोरी व त्याची माता यांचा तेथेंच अंत झाला. विजेत्यांनीं जुन्या तटावर मातीची भर घातली व वर स्वतःचा नवा किल्ला रचला. त्यांचा मनोरा १६६५ मध्यें वीज पडून जळाला आणि अडीचशेंहून अधिक वर्षें तेथें मनोरा नव्हता.

आजचा मनोरा १९३१ चा. त्यासाठीं नागरिकांनीं सुमारें १५ लक्ष येन वर्गणी दिली. परंतु जागा लष्कराच्या ताब्यांत होती. म्हणून त्याच वर्गणींतून लष्करी कचेरीही बांधावी लागली, आणि तिच्यावर मनोऱ्याहून अधिक खर्च झाला! लोकांनीं मागितलें स्मारक, आणि द्यावी लागली कचेरी. लष्कराच्या त्या शेजाराचें फळ पुढें मिळालें. किल्ल्यालगतच्या दारूगोळ्याच्या कारखान्यावर १४ ऑगस्ट १९४५ रोजीं, म्हणजे शरणागतीच्या घोषणेच्या आदल्याच दिवशीं, प्रचंड बाँबवर्षाव झाला. मनोरा मात्र वांचला. त्या कचेरींत आज उपाहारगृहें व दुकानें आहेत.

प्रेक्षकानें प्रथम तट पाहावा. साकुरामोन दरवाजाच्या आंतील एका शिळेचें वजन १०० टनांहून अधिक मानतात. मनोरा बाहेरून पांच मजली, आंतून आठ मजली आहे. आंत संग्रहालय असून हिदेयोशीच्या सोन्याच्या चहागृहाची प्रतिकृति तेथें पाहावयास मिळते. आठव्या मजल्यावरून सारें शहर दिसतें. खालचे पांढरे मजले तोकुगावांच्या धर्तीचे, तर सोनेरी वाघांनीं शोभणारा वरचा काळा मजला हिदेयोशीच्या धर्तीचा. जन्माचे वैरी एकाच इमारतींत नांदत आहेत !

आतां खरा किल्ला कोणता ? प्रवासी हिदेयोशीचा म्हणून ज्या तटाला कौतुकानें हात लावतात, तो त्याच्या शत्रूंनीं बांधलेला. हिदेयोशीचा अस्सल तट १९५९ मध्यें जमिनीखालीं सांपडला. २०२५ पासून त्याचा कांहीं भाग पाहतां येतो. त्याचा मनोरा सुमारें तीस वर्षें टिकला, तोकुगावांचा सुमारें चाळीस. ज्याला लोक नकली म्हणतात, तो सिमेंटचा मनोरा नव्वद वर्षांहून अधिक काळ उभा आहे. १९९७ पासून सांस्कृतिक संपत्ति म्हणून त्याची सरकारी नोंदही झाली आहे.

पहिले दोन मनोरे सत्ताधीशांच्या हुकमानें उठले; तिसरा सामान्य गृहस्थांच्या वर्गणींतून उठला. आमच्या मतें त्या गांवाचा खरा किल्ला हाच होय. वाचकांपैकीं कोणास तिकडे जाण्याचा योग आल्यास त्यांनीं त्याला नकली म्हणण्यापूर्वीं एवढें ध्यानांत घ्यावें.