कोऱ्या रकान्याचा हक्क

माहुल (मुंबई), रविवार. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्यांतून उठवून येथील ७२ इमारतींत ज्यांचे पुनर्वसन करण्यात आले, त्या कुटुंबांच्या आरोग्य-पाहणीसाठी संगणकावर अर्ज रचीत असता, कोणत्या रकान्यात कोणते उत्तर आधीच मांडून ठेवावे, हा वरकरणी तांत्रिक भासणारा प्रश्न आज दिवसभर माझे चित्त व्यापून राहिला.

तारीख आणि पाहणी करणाऱ्याचे नाव आपोआप भरले जावे, त्यास माझी हरकत नाही. पत्त्याच्या रकान्यात मात्र ‘माहुल’ हे नावही मी ठेवले नाही. कारण उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या कुटुंबांना भाड्यापोटी दरमहा १५,००० रुपये देण्याचा हुकूम केल्यावर अनेकांच्या मनात अन्यत्र बिऱ्हाड हलविण्याचीच उमेद होती.

आणि ‘दम लागतो काय?’ यापुढे ‘नाही’ हे उत्तर पूर्वनिश्चित ठेवले, तर घाईतला कारकून पुढे सरकतो आणि ज्यास कोणी विचारलेच नाही, तो मनुष्य निरोगी म्हणून दप्तरी दाखल होतो. येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या सान्निध्यात हा अन्याय क्षुल्लक नव्हे. २०१३ साली केईएम रुग्णालयाच्या पाहणीत आंबापाडा-माहुल परिसरातील सुमारे ६७ टक्के लोकांनी वारंवार दम लागत असल्याचे सांगितले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ च्या निर्णयात तिची दखल घेतली. त्या माणसांना प्रत्यक्ष विचारले गेले, म्हणूनच ती मोजली गेली.

अखेर मी सर्व आरोग्यविषयक रकाने कोरे ठेवले, उत्तर सक्तीचे केले, आणि ‘विचारले नाही’ हा स्वतंत्र पर्याय जोडला.