बसतें म्हणून चालतें काय?

नाटक संपल्यावर प्रेक्षक नटांचें कौतुक करतात, नाटककाराचें नांव घेतात. कोणी विशेष रसिक असला तर प्रकाशयोजनेविषयींहि दोन शब्द बोलतो. परंतु तो प्रकाश कोणत्या तारेनें आज्ञेंत ठेवला होता, ही चौकशी आजवर मजपाशीं कोणीं केलेली नाहीं. हौशी मंडळींच्या नाटकांचे दिवे सांभाळण्याचा छंद मला पुष्कळ वर्षें आहे. आणि ज्यांच्या घरचीं माणसें रंगमंचावर उभीं राहतात, त्यांनीं हा उपेक्षित विषय थोडा समजून घेण्याजोगा आहे असें मला वाटतें.

निमित्तहि तसेंच घडलें. आमच्या वसाहतीच्या सभागृहासाठीं नवे दिवे घेण्याचें ठरलें, तेव्हां अंदाजपत्रक वाचतांना खजिनदार एका रकमेपाशीं अडले. "अहो, माइकच्या केबली आपल्याकडे ढीगभर पडल्या आहेत. त्यांचें तोंड ह्या दिव्यांत नीट बसतें. मग ही निराळी केबल कशाला?" प्रश्न रास्त होता, काटकसरीनें संस्था चालविणाऱ्यानें तो विचारलाच पाहिजे. सभेंत मीं जें उत्तर दिलें, तेंच येथें सविस्तर देतों.

पूर्वीं नियंत्रणाच्या मेजापासून प्रत्येक डिमरला स्वतंत्र तार जात असे. तींतील दाब ० पासून १० व्होल्टपर्यंत चढवावा, तसतसा दिवा उजळावा. पन्नास डिमर म्हणजे पन्नास तारांची मोळी! १९८६ सालीं अमेरिकेंतील रंगभूमि-तंत्रज्ञांच्या संस्थेनें 'डीएमएक्स-५१२' ही पद्धति ठरवून दिली आणि ती मोळी सुटली. आतां एकाच केबलमधून ५१२ आज्ञा एकामागून एक जातात. प्रत्येक आज्ञा म्हणजे ० ते २५५ पैकीं एक आंकडा. सेकंदाला २,५०,००० खुणा ह्या वेगानें हा जप चालतो, आणि ती सबंध माळ सेकंदांत ४४ वेळांपर्यंत फिरूं शकते.

आवाजाची केबल एवढ्या वेगासाठीं केलेली नसते. डीएमएक्सला १२० ओहम स्वाभाविक रोधाची, पीळ घातलेल्या दोन तारांची केबल लागते. दोन्ही तारांतून एकच संदेश परस्परविरुद्ध रूपानें जातो. बाहेरचा विद्युत्-उपद्रव ह्या वेणीच्या दोन्ही पेडांना सारखाच बाधतो. दिवा दोहोंमधील फरक तेवढा वाचतो, त्यामुळें तो उपद्रव आपोआप वजा होतो. माइकच्या केबलींतहि पीळ असतो. परंतु तिचा रोध बहुधा बराच कमी असतो आणि तींतून जातांना खुणांच्या तीक्ष्ण कडा बोथट होतात. चार हात अंतरावर हें जाणवत नाहीं, आणि मेख आहे ती हीच. तालमीच्या खोलींत सर्व कांहीं ठीक असतें. मोठ्या नाट्यगृहांत लांब केबल आणि पुष्कळ दिवे जोडले कीं भलत्या क्षणीं दगा होतो.

दुसरें पथ्य टोंकाचें. आडांत हांक मारली कीं ती परत येते. तसाच संदेश तारेच्या मोकळ्या टोंकावर आपटून मागें फिरतो आणि नव्या संदेशांत मिसळतो. म्हणून शेवटच्या दिव्यावर दुसऱ्या व तिसऱ्या पिनेमध्यें १२० ओहमचा रोधक जोडावयाचा. तो ही परतणारी हांक गिळून टाकतो. केबलहि एका दिव्यांतून दुसऱ्यांत अशी ओळीनें न्यावी, मध्येंच फाटा काढूं नये. फाटा हवाच असेल, किंवा एका ओळीवर ३२ हून अधिक यंत्रें असतील, तर स्प्लिटर नांवाची पेटी वापरावी.

कांहीं वर्षांपूर्वीं एका स्पर्धेच्या प्रयोगांत ह्या पथ्यांची किंमत मीं डोळ्यांनीं पाहिली. दिवे भाड्याचे होते, केबलीहि त्यांच्याबरोबरच आलेल्या. शेवटच्या अंकांत मुलाचें पत्र वाचणाऱ्या आईच्या तोंडावर एकच मंद दिवा हवा होता. तो फडफडूं लागला आणि मागच्या रांगांत हंशा पिकला. त्या बाई शाळा आणि घर सांभाळून दोन महिने तालमीला येत होत्या. त्या थांबल्या नाहींत. पत्र शेवटपर्यंत वाचलें. रडल्या त्या पडदा पडल्यावर, विंगेंत. मागाहून पाहिलें तों मध्यें दोन माइकच्या केबली, एक घरगुती फाटा, आणि टोंकाला रोधकाचा पत्ता नाहीं. ह्या काटकसरींत वांचलेल्या पैशांतून मंडळींचा फार तर चार दिवसांचा चहा झाला असता.

आतां तोंडाविषयीं. मूळ नियमांत पांच पिनांचा जोड सांगितला आहे. पहिली पिन आवरणाची, दुसरी व तिसरी संदेशाची. चौथी व पांचवी बहुधा रिकाम्याच असतात. मग तीन पिना कां नकोत? कारण तीन पिनांचा जोड माइकचा. कांहीं माइकांना शक्ति पुरविण्यासाठीं ध्वनीच्या मेजांतून ४८ व्होल्टचा दाब सोडलेला असतो. अंधारांत, घाईनें, तशी केबल दिव्याच्या यंत्राला लागली तर आंतील नाजूक भाग जळण्याचा संभव असतो. पांच पिनांचें तोंड तेथें बसणारच नाहीं. माणसाच्या सावधगिरीवर जें सोंपवावें लागलें असतें, तें काम येथें जोडाचा आकारच करतो. स्वस्त दिव्यांना पुष्कळदां तीनच पिना असतात; त्यांच्यासाठीं तोंड बदलणारे तुकडे घ्यावे, केबल मात्र योग्यच असावी आणि तिच्यावर निराळ्या रंगाची फीत गुंडाळावी.

आणखी एक गोष्ट पालकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. आज्ञा चुकीची पोंचली तर ती ओळखण्याची सोय ह्या पद्धतींत नाहीं. दिवा चुकला तर रसभंग होतो. म्हणून रंगमंचावरील आतषबाजी किंवा डोक्यावरून सरकणारे अवजड सामान ह्या तारेच्या स्वाधीन कधींहि करूं नये. तेथें चुकीची किंमत हंशांत मोजली जात नाहीं.

जोड बसला म्हणजे काम झालें असें नव्हे. तो कशासाठीं केलेला आहे, हें विचारून मगच तो लावावा. कारण तारेचा दुबळेपणा तालमींत दिसत नाहीं, तो भर प्रयोगांत उघडा पडतो.